शाळा कोण चालवतं? संस्था, सरकार की आपण?

नोव्हेंबर उजाडला की ज्या घरात तीन-साडेतीन वर्षांचं मूल आहे, त्या घरात एकच विषय चालू होतो, ॲडमिशन! आई-बाबा दोघंही रजा टाकतात, दोन-चार शाळा बघून येतात. रिसेप्शनवरची मॅडम हसतमुखाने शाळा फिरवून दाखवते. मग तुम्ही विचारता, बोर्ड कोणतं? इंग्लिशमध्येच बोलतात ना मुलांशी? स्मार्ट बोर्ड आहे का? बसमध्ये कॅमेरा आहे का? दहावीचा रिझल्ट किती टक्के? स्विमिंग पूल कितवीपासून?

त्या मॅडमकडे या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तयार असतात, कारण तुमच्या आधी आलेल्या पन्नास पालकांनीही नेमके हेच विचारलेलं असतं. आता जरा आठवून बघा, यातलं काही तुम्ही विचारलं होतं का? इथले किती शिक्षक कायम आहेत आणि किती दरवर्षी बदलतात? लायब्ररीतलं पुस्तक मुलाला घरी नेता येतं का? एखादं मूल वाचनात मागे पडलं तर शाळा काय करते? पालकांची समिती आहे का, आणि ती शेवटची कधी बसली?

बहुतेकांनी नाही विचारलं. मग शाळेने पैसा कुठे घालावा? अर्थातच जिथे तुमची नजर जाते तिथे. कमान भव्य होते, लॉबीत काचेचं कपाट येतं, त्यात ट्रॉफ्या येतात आणि शिक्षकांचा पगार आहे तिथेच राहतो. आपण म्हणतो, शाळांचा धंदा झालाय. ते खरंच आहे. पण धंदा गिऱ्हाईक बघून माल ठेवतो, एवढं तर आपल्या घरातल्या प्रत्येकीला भाजीबाजारातूनच कळलेलं असतं.

शाळा कशी असावी, तिचा कारभार कसा चालावा, हे फक्त शिक्षण खातं किंवा संस्थाचालक ठरवतात असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्यांच्याही आधी ते समाज ठरवत असतो. शिक्षण कशासाठी, कोणासाठी, याबद्दल त्या-त्या काळात लोकांच्या मनात जे असतं, तशा शाळा उभ्या राहतात. महाराष्ट्राचाच इतिहास बघा ना.

मुलींनी शिकायचंच कशाला?

१८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली, हे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलंय. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल फेकला गेला, हेही पाठ केलंय. पण ती शाळा चालवायची म्हणजे काय करावं लागत असेल, याचा विचार आपण फारसा करत नाही. मुलींनी शिकणं म्हणजे पाप, अशी पक्की समजूत असलेल्या समाजात शाळेला जागा कोण देणार? बाई शिक्षिका कुठून आणणार? त्या काळी शिकलेली बाई शोधून मिळणं कठीण होतं. म्हणून जोतीरावांनी आधी सावित्रीबाईंना शिकवलं आणि मग त्या शिक्षिका झाल्या. आजच्या भाषेत सांगायचं तर भरती, प्रशिक्षण, निधी आणि सुरक्षा ही सगळी खाती एकाच घरात होती. आणि तेही घर सोडावं लागलं, कारण जोतीरावांच्या वडिलांवर लोकांचा दबाव आला.

पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर जोतीरावांनी जे निवेदन दिलं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. सरकारचा महसूल शेतकऱ्यांच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो, हे त्यांनी तिथे स्पष्ट मांडलं. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, शिक्षक शेतकरी वर्गातून घ्या, त्यांना बरा पगार द्या, आणि वाचन-लेखन-हिशेबाबरोबर शेतीची आणि आरोग्याची प्राथमिक माहितीही शिकवा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. नीट बघितलं तर हे फक्त भाषण नव्हे. अभ्यासक्रम काय, शिक्षक कोण, पैसा कुठला, हा अख्खा शाळा-व्यवस्थापनाचा आराखडाच आहे. शिक्षणाकडे बघायची नजर बदलली की कारभाराचे तपशील आपोआप बदलतात ते असे.

आपले जे वाचक बडोद्यात राहतात त्यांना पुढची गोष्ट माहीत असेल. सयाजीराव गायकवाड महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या बडोदा संस्थानात लागू केला. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये तेच केलं आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपया म्हणजे चेष्टा नव्हती!

पण शाहू महाराजांना आणखी एक गोष्ट कळली होती. खेड्यातलं पोरगं कोल्हापूरला शिकायला आलं तर राहणार कुठे आणि जेवणार कुठे? जात विचारल्याशिवाय कोणी खोली देत नव्हतं. म्हणून १९०१ पासून त्यांनी वसतिगृहं उभी करायला मदत केली. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, प्रत्येक समाजाचं बोर्डिंग वेगळं. समाज जसा होता तशी व्यवस्था त्यांना करावी लागली. पुढची पायरी कर्मवीर भाऊराव पाटलांनी ओलांडली. १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली आणि साताऱ्याच्या बोर्डिंगमध्ये सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसू लागली, स्वतः काम करून शिकू लागली. बोर्डिंगमध्ये दाणा संपला तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी मंगळसूत्र विकलं. आज संस्थांच्या वार्षिक अहवालात निधीचा तक्ता असतो ना, त्याच्या मुळाशी कधीकाळी हे होतं.

पटाचं गणित

आता आजच्या काळात येऊया. इथे जरा थांबावं लागेल, कारण जे गणित मी सांगणार आहे ते शिक्षकांच्या घरात रोज बोललं जातं, पण पालकांच्या घरात जवळजवळ कोणालाच माहीत नसतं.

समजा, एक वाडी आहे. वाडीत जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे, पट चाळीस. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. दोन शिक्षक, चार इयत्ता, म्हणजे एकेकाकडे दोन वर्ग. शिवाय पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, ऑनलाइन माहिती भरणं, निवडणूक आली की मतदार यादी. तरी शाळा चालते.

मग शेजारच्या बाजारगावात इंग्लिश मीडियमची शाळा निघते. पिवळी व्हॅन वाडीत येऊ लागते. पहिल्या वर्षी सरपंचाचा नातू टाय लावून व्हॅनमध्ये बसतो. दुसऱ्या वर्षी किराणा दुकानदाराची दोन्ही मुलं. तिसऱ्या वर्षी ज्याला महिन्याची फी खरं तर झेपत नाही तोही सोनं गहाण टाकून मुलाला पाठवतो, कारण आता न पाठवणं म्हणजे गरिबी जाहीर करणं झालेलं असतं. यात कोणाचंही काही चुकलं नाही. प्रत्येक आई-बापाने आपल्या मुलाचं भलंच बघितलं.

पण तिकडे पटसंख्या चाळीसवरून अठरा झाली. दरवर्षी ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे कोणत्या शाळेत किती शिक्षक ठेवायचे ते ठरतं. पट घसरला की शिक्षक 'अतिरिक्त' ठरण्याची टांगती तलवार. राज्य सरकारने मध्यंतरी वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचा विचार मांडला, तेव्हा गावोगावी विरोध झाला तो यासाठीच. शाळा बंद झाली तर पिवळ्या व्हॅनमध्ये बसणाऱ्यांना काही फरक पडत नाही. मागे राहिलेल्या अठरा जणांना पडतो. त्यात मजुरांची मुलं असतात, आणि मुली असतात. एकाच घरातला मुलगा इंग्लिश मीडियमला आणि मुलगी जिल्हा परिषदेत, हे चित्र तुम्ही पाहिलं नसेल तर कोणत्याही शिक्षिकेला विचारा.

मुलींच्या बाबतीत अंतर हा फार मोठा प्रश्न आहे. कायदा म्हणतो, प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत हवी. कागदावर तीन किलोमीटर म्हणजे काहीच नाही. ओढा ओलांडून, उसाच्या शेतातून, पावसाळ्यात, बारा वर्षांच्या मुलीने एकटीने चालायचे तीन किलोमीटर म्हणजे काय, ते तिच्या आईला विचारा. आई म्हणते, "राहू दे, घरी भावाला सांभाळ." तिला शिक्षण नको असतं असं नाही, तिला भीती असते. या भीतीची दखल घेऊन मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या मुलींसाठी निळ्या रंगाच्या एसटी बस सुरू झाल्या. एक साधी बस, पण ती सुरू करण्यासाठी आधी कोणालातरी मान्य करावं लागलं की मुलीची शाळा सुटते ती रस्त्यावर, वर्गात नव्हे. याउलट १९९२ मध्ये सुरू झालेला मुलींचा उपस्थिती भत्ता बघा. दिवसाला एक रुपया! तेव्हा त्या रुपयाला काही किंमत होती. नंतर वर्षानुवर्षं तो रुपयाच राहिला, आणि कोणी रस्त्यावर उतरलं नाही.

पट टिकवण्यासाठी मराठी शाळांनी काय केलं, तेही पाहण्यासारखं आहे. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी विषय आला. त्यानंतर 'सेमी इंग्रजी'चे वर्ग वाढत गेले, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी मराठीतून. सगळ्या ठिकाणी ते शिक्षणशास्त्राला धरून झालं असं मी म्हणणार नाही. कित्येक शाळांनी ते केलं, कारण नाही केलं तर व्हॅन येते. गणित इंग्रजीतून शिकवण्याची तयारी नसलेल्या शिक्षकांच्या हातात रातोरात नवी पुस्तकं आली. लहान मुलाची समज मातृभाषेत लवकर पक्की होते, हे शिक्षणतज्ज्ञ कितीतरी वर्षं सांगत आलेत. पण पालकांच्या मनात इंग्रजी म्हणजे नोकरी आणि नोकरी म्हणजे सुटका, हे समीकरण पक्कं आहे. इंदूर, हैदराबाद, बंगळुरूला राहणाऱ्या आपल्या वाचकांपुढे तर पर्यायच नसतो. तिथे मराठी घरात टिकली तर टिकली. मात्र जिथे पर्याय आहे तिथेही आपण तो असल्यासारखं वागत नाही, याचं मला वाईट वाटतं.

समाजाची नजर कारभार कसा बिघडवते याचा एक नमुना म्हणजे २०११ ची पटपडताळणी. अनुदान पटावर मिळतं, म्हणून पट फुगवला जातो, हे उघड गुपित होतं. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी शाळाशाळांतून मुलांची डोकी मोजली गेली, तेव्हा लाखो नावं फक्त हजेरीपटावर असल्याचं समोर आलं. शाळा म्हणजे गावातल्या पुढाऱ्याची इभरत, नातेवाइकांना नोकरी देण्याची जागा, असं लोकांनी मान्य केलं की हजेरीपटही तसाच भरला जातो. दुसरीकडे 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर शाळा वाटल्या गेल्या. त्यातला 'कायम' हा शब्द २००९ मध्ये काढला गेला, तरी अनुदानाच्या टप्प्यांसाठी शिक्षक पुढे कित्येक वर्षं आझाद मैदानावर बसत राहिले. वर्षानुवर्षं पूर्ण पगार न मिळालेला माणूस तुमच्या मुलाला अपूर्णांक शिकवत होता.

मार्क म्हणजे शिक्षण

नव्वदच्या दशकात 'लातूर पॅटर्न' हा शब्द घराघरात पोहोचला. गुणवत्ता यादीत मराठवाड्यातली मुलं झळकू लागली. ज्या भागाला मागास म्हणून हिणवलं जायचं तिथली मुलं पुण्या-मुंबईच्या पुढे गेली, याचा अभिमान वाटणं साहजिक होतं. कष्ट, सराव, पुन्हा पुन्हा चाचण्या, रविवारीही वर्ग. पण पालकांनी त्यातून एवढंच उचललं की जितके जास्त तास तितके जास्त मार्क. मग शाळा-कॉलेज आणि क्लास यांच्यातली रेष पुसट होत गेली. आज अकरावीला 'इंटिग्रेटेड' हा शब्द ऐकला की अर्थ असा, की नाव कॉलेजमध्ये आणि मूल क्लासमध्ये. २०१८ मध्ये राज्य सरकारने विज्ञान शाखेच्या अकरावी-बारावीसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. पण कॉलेज चुकवून क्लासला बसण्यासाठी पैसे भरणारे पालकच असतील, तर अंगठा कोणाचा घ्यायचा? देशभरात 'डमी स्कूल' म्हणतात ते हेच. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नये असं सांगितलं. तुमच्या गल्लीतला फाउंडेशन कोर्सचा बोर्ड उतरला का, बघा.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. दक्षिण कोरियात कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेच्या दिवशी इंग्रजी ऐकण्याच्या चाचणीवेळी विमानांची उड्डाणं थांबवतात. सोलमध्ये खासगी क्लास रात्री दहानंतर चालवायला बंदी आहे. म्हणजे दहापर्यंत मुलं क्लासमध्ये असतात, हे तिथे सरकारनेही गृहीत धरलंय!

मी स्वतः बारावीनंतर बीए इंग्लिश केलं. मार्क बरे होते, तरी नातेवाइकांचा चेहरा असा, जणू घरात काही अशुभ घडलंय. "आर्ट्स? का गं, सायन्सला नंबर नाही लागला?" एक मावशी तर आईला हळूच म्हणाली, "असू दे, मुलीच आहे." त्या एका वाक्यात किती गोष्टी आहेत बघा! आणि याचा कारभाराशी संबंध आहे. मागणी सायन्सला म्हणून तुकड्या सायन्सच्या वाढतात, प्रयोगशाळा दुरुस्त होते, आणि आर्ट्सचा वर्ग जिन्याखालच्या खोलीत जातो. इतिहासाच्या निवृत्त सरांची जागा भरली जात नाही, तासिका तत्त्वावर कोणीतरी येतं. मग आपणच म्हणतो, आर्ट्सला काही शिकवतच नाहीत.

नापास करण्याचंही तेच. शिक्षण हक्क कायदा आला तेव्हा आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचं नाही, असं ठरलं होतं. त्यामागचा विचार चांगला होता, की नापासाचा शिक्का बसला की गरीब घरातलं मूल शाळाच सोडतं. त्याऐवजी वर्षभर सतत मूल्यमापन करून मागे पडणाऱ्या मुलाला हात द्यायचा. पहिला अर्धा भाग अमलात आला, दुसरा मात्र रजिस्टरच्या रकान्यांत अडकला. पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचं वाचता येत नाही, हे 'असर'चे अहवाल सांगत राहिले. पालक म्हणू लागले, परीक्षाच नाही तर मूल अभ्यास कशाला करेल? २०१९ मध्ये कायदा बदलला आणि पाचवी-आठवीला पुन्हा अडवण्याची मुभा राज्यांना मिळाली. हात देण्यासाठी माणसं नेमा, अशी मागणी आपण केली नव्हती. परीक्षा घ्या, एवढीच केली होती. जे मागितलं ते मिळालं.

लोकांनी मनावर घेतलं तर

उलट उदाहरणंही आहेतच. पुणे जिल्ह्यातल्या वाबळेवाडीत जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी गावकऱ्यांनी जमीन दिली, पैसा उभा केला. पुढे त्याच सरकारी शाळेत प्रवेशासाठी रांग लागली. शिक्षकांच्या चांगल्या कामाला गावाची साथ मिळाली की काय होतं, ते तिथे दिसलं.

२०२५ चं उदाहरण तर ताजं आहे. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा शासन निर्णय एप्रिलमध्ये आला, जूनमध्ये तो थोडा बदलून पुन्हा आला. पालक, शिक्षक, साहित्यिक, राजकीय पक्ष सगळेच बोलू लागले आणि २९ जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले. त्याच्या बाजूने असा की विरोधात असा, पण एक गोष्ट कबूल करावी लागेल. शाळेचं वेळापत्रक लोकांच्या आवाजाने दोन-अडीच महिन्यांत बदललं. पहिली-दुसरीचे वर्ग एकाच शिक्षकाकडे असतात, यावर मात्र असा आवाज कधी उठला नाही.

त्याआधी २०२४ मध्येही एक घडलं होतं. खासगी शाळांमध्ये पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला त्यातून सूट, असा नियम राज्याने फेब्रुवारीत आणला. काही पालक आणि संघटना कोर्टात गेल्या आणि जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. तुमच्या मुलाच्या वर्गात आरटीईतून आलेलं मूल असेल तर त्याच्या बाकावरच्या जागेसाठी कोणीतरी लढलंय. आणि सोसायटीच्या ग्रुपवर "हल्ली शाळेत कसलीही मुलं घेतात" असा मेसेज कोणी टाकला, तर ती नजरही शेवटी शाळेपर्यंत पोहोचतेच. मग स्नेहसंमेलनात कोणाला पुढे उभं करायचं आणि सहलीला कोणाला विचारायचंच नाही, हे शाळेत न सांगता ठरतं.

तुमच्या हातात काय आहे?

खरं तर कायद्याने पालकांच्या हातात बरंच दिलंय. सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा करायचा, आलेला निधी कुठे खर्च झाला ते बघायचं, शिक्षक वेळेवर येतात का, पोषण आहार नीट शिजतो का, यावर लक्ष ठेवायचं, ही तिची कामं. बऱ्याच ठिकाणी होतं काय, तर सभेचं रजिस्टर घरोघरी फिरतं आणि आया सही करतात. काही घरांत तर सहीसुद्धा नवराच करतो. तुम्ही अशा समितीत असाल तर निदान रजिस्टर वाचून सही करा. "शौचालय दुरुस्तीचे पैसे आले होते का?" एवढा एक प्रश्न विचारला तरी पुढच्या सभेला खुर्ची नीट मांडलेली असते.

तुमचं मूल खासगी शाळेत असेल तर शुल्क नियमनाचा कायदा बघा. महाराष्ट्रात तो २०११ चा आहे, गुजरातने २०१७ मध्ये आपला केला, इतरही काही राज्यांत असे कायदे आहेत. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, तेव्हा आपल्या राज्याचे तपासून घ्या. महाराष्ट्रात शाळा सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ तयार व्हायला हवा. त्याच्या कार्यकारी समितीत प्रत्येक इयत्तेचा एक पालक असतो आणि इच्छुक पालकांमधून त्याची निवड सोडतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकून होते. मुख्याध्यापकांच्या ओळखीतले चार जण नेमले, असं चालत नाही. फीवाढीचा प्रस्ताव संस्थेने याच समितीपुढे ठेवायचा असतो, आणि तोही पुढचं शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या निदान सहा महिने आधी. म्हणजे जूनमध्ये भरणाऱ्या शाळेची फी डिसेंबरपर्यंत चर्चेला आलेली असते. आपण चिडतो ते एप्रिलमध्ये, पावती हातात आल्यावर. व्हॉट्सॲप ग्रुपवर तीनशे मेसेज पडतात, दोन जण पत्रकाराचा नंबर टाकतात आणि पंधरा तारखेच्या आत सगळे ऑनलाइन फी भरून मोकळे होतात.

तेव्हा येत्या जूनमध्ये शाळेकडून पालक सभेची चिठ्ठी आली की "आपल्याला कुठे वेळ आहे" म्हणून ती फ्रिजवर चिकटवून ठेवू नका. सोडतीसाठी नाव द्या. चिठ्ठीत तुमचं नाव निघालंच, तर पहिल्या बैठकीला जाताना वही-पेन घेऊन जा आणि मागच्या दोन वर्षांचं इतिवृत्त मागा. शिक्षकांच्या पगारावर किती खर्च होतो आणि कमानीवर किती, ते त्यातल्या हिशेबात दिसेल.